खुर्च्या लावायला कोण येणार?

नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षांपूर्वी आम्ही पुण्याच्या वानवडीतून फ्रान्समधल्या ल्यों शहराजवळच्या एका लहान गावी राहायला आलो. पहिलं वर्ष मी फ्रान्स पाहिलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून आणि दुकानातल्या रांगेतून. मग गावातल्या एका क्लबाची सभासद झाले. क्लब म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारखाच. नगरपालिकेचा हॉल, ऐंशी-नव्वद सभासद आणि वर्षभर जेवणं, सहली, खेळ, सणवार. या आठ वर्षांत तिथे जे शिकले ते लिहून ठेवते आहे. परदेशात नव्याने संसार मांडणाऱ्या आपल्या माणसांना, त्यातही दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या बायकांना, त्याचा उपयोग व्हावा असं फार वाटतं.

१. सप्टेंबरमधला तो शनिवार घरी घालवू नका

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की सप्टेंबरच्या सुरुवातीच्या एखाद्या शनिवारी फ्रान्समधल्या बहुतेक गावांत संस्थांचा मेळा भरतो. व्यायामशाळेत ओळीने टेबलं मांडतात आणि प्रत्येक टेबलामागे एकेक मंडळ बसतं. गाणारे, शिवणारे, डोंगर चढणारे, जुन्या दगडी भिंती दुरुस्त करणारे, सगळे. वर्षाचे सभासद याच दिवशी नोंदवले जातात. हा दिवस चुकला तर दारं बंद होतात असं नाही, पण आयती ओळख हुकते.

या मंडळांचा इथल्या लोकांना केवढा अभिमान आहे हे कळायला मला वेळ लागला. आधीच्या काळी वीसपेक्षा जास्त माणसांना मंडळ काढायचं तर सरकारची परवानगी लागत असे. १ जुलै १९०१ च्या कायद्याने ती अट गेली. नफा वाटून घ्यायचा नसेल, तर दोन माणसंसुद्धा संस्था काढू शकतात. म्हणून आजही लोक ‘आमची १९०१ची संस्था’ असं सांगतात, वर्षाचा आकडा न वगळता.

मी वीस युरो वर्गणी भरली आणि फॉर्म लिहिला. नाव, पत्ता, फोन. शेवटी एक चौकट होती : ‘तुम्ही कोणत्या कामात मदत करू शकाल?’ माझी भाषा कच्ची, मी काय मदत करणार, असं वाटून मी ती कोरी सोडली. त्या फॉर्मवरची सगळ्यात महत्त्वाची चौकट तीच होती.

२. बोंजूर येणाऱ्याने म्हणायचं

आपल्याकडे दारात माणूस आलं की घरचे म्हणतात, ‘या, या, बसा.’ येणारा हसतो, चपला काढतो. स्वागताची जबाबदारी घरच्यांची. इथे ती येणाऱ्याची. खोलीत शिरणाऱ्याने आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, आणि क्लबासारख्या ठिकाणी घोळक्याला मिळून एकदा नाही, तर जमेल तितक्या जणांजवळ जाऊन. बेकरीत पाव मागण्याआधी, दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधी, बसमध्ये चढतानासुद्धा.

मी कित्येक आठवडे हॉलमध्ये शिरून, हसून, कोणी ‘या’ म्हणेल म्हणून कडेला उभी राहत होते. ती माणसं मला तुसडी वाटत होती आणि त्यांना मी. निघतानाही तसंच. सगळ्यांचा निरोप घेतल्याशिवाय निघायचं नसतं, त्यामुळे घरी जायच्या वेळेत वीस मिनिटं जास्तीची धरा.

३. टेबलाचं दुसरं टोक धरा

सांगायच्या गोष्टींत ही मला सगळ्यात मोलाची वाटते.

पहिले तीन-चार महिने मी क्लबात पाहुणीसारखी जात होते. नीट साडी नेसून किंवा चांगला ड्रेस घालून जायचं, दिलेल्या जागी बसायचं, खायचं, आभार मानायचे, घरी यायचं. सगळे माझ्याशी गोड बोलत. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलत. आणि तीन वाक्यांनंतर आपापल्या गप्पांकडे वळत.

जानेवारीत ‘गालेत’चा कार्यक्रम झाला. ६ जानेवारीच्या एपिफनी सणाचा हा पदार्थ. पापुद्र्यांची गोल, चपटी पेस्ट्री आणि आत बदामाचं सारण. सारणात चिनीमातीचा एक इवलासा तुकडा लपवलेला असतो, त्याला ‘फेव्ह’ म्हणतात. तो ज्याच्या वाट्याला येईल तो त्या दिवसाचा राजा, त्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. वाटणीत लबाडी होऊ नये म्हणून सगळ्यात लहान मूल टेबलाखाली शिरतं आणि कापलेला प्रत्येक तुकडा कोणाचा ते तिथून ओरडून सांगतं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, तो टेबलाखाली गेला. त्याला नावं माहीत नव्हती, म्हणून तो बुटांवरून सांगत होता, ‘हा लाल बुटांचा! हा मोठ्या काळ्या बुटांचा!’ हॉलभर हशा उसळला. जुन्या रिवाजाप्रमाणे एक तुकडा जास्तीचा कापला होता. ‘गरिबाचा वाटा’ म्हणतात त्याला, ऐन वेळी दारात कोणी आलंच तर.

खाणं झालं, आणि कोणी काही न सांगता माणसं उठली. खुर्च्या एकमेकींत अडकवून राशी लागू लागल्या. मी पर्स उचलून उभी होते. एका म्हाताऱ्या गवंड्याने लांब टेबलाचं एक टोक धरलं, दुसरं टोक रिकामं होतं, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘ओं यी व्हा?’ जायचं का? मी पर्स खाली ठेवली आणि टेबल उचललं. ते ठेवल्यावर दुसरं. मग स्वयंपाकघरात कोणीतरी माझ्या हातात कोरडा पंचा दिला. ऐंशी-नव्वद पेले पुसायचे होते.

त्या स्वयंपाकघरात बायका माझ्याशी हळू बोलायच्या विसरल्या. भराभर, एकमेकींचं वाक्य तोडत बोलत होत्या आणि मध्येच मला विचारत होत्या, ‘हो की नाही?’ निम्मं कळलं नाही. पण कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, हे त्या पाऊण तासात कळलं ते चार महिन्यांत कळलं नव्हतं. आपल्या लग्नघरातही पाहुणी पुढे सतरंजीवर बसते, आणि घरची बाई कोण ते मागच्या दारी भांड्यांशी गेल्यावरच कळतं.

फुकट काम करणाऱ्याला इथे ‘बेनेव्होल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘भलं चिंतणारा’. पुढच्या सप्टेंबरात मी त्या चौकटीत लिहिलं : खुर्च्या, टेबलं, भांडी.

४. जेवणाला बसाल तेव्हा घड्याळ विसरा

क्लबाचं रविवारचं जेवण बाराला सुरू होतं आणि चार वाजले तरी कॉफी चालू असते. आधी ‘आपेरो’, म्हणजे उभ्याने गप्पा, ऑलिव्ह, खारे दाणे आणि हातात पेला. मग पहिली वाढप, मग मुख्य पदार्थ, मग बहुधा हिरवी पानं, मग चीज, मग गोड, मग कॉफी. जेवणाची ही सगळी रीत, बसणं-वाढणं-बोलणं यांसह, २०१० साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. लांब बगेत पाव करण्याची कला २०२२ मध्ये त्याच यादीत गेली.

आपलं पान एकदम वाढतात. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भात, आणि कुठून कुठे जायचं ते जेवणारा ठरवतो. इथे पदार्थ एकामागून एक येतो आणि तो येईपर्यंत थांबायचं असतं. मला सुरुवातीला वाटे, मधे इतका वेळ रिकामा का? हळूहळू उमगलं की तो वेळ बोलण्यासाठीच ठेवलेला आहे. आणि बोलणं कशाबद्दल, तर बऱ्याचदा खाण्याबद्दलच. हा बटाटा कुठला, ही सलगम आजीने कशी केली असती, गेल्या वर्षीची चेरी किती आंबट होती. जेवताना जेवणाविषयी इतक्या आपुलकीने बोलणारी माणसं मला खूप आवडतात. माझे सासरे आमटीच्या फोडणीवर दहा मिनिटं बोलत, त्यांची आठवण येते.

काही बारकावे लक्षात ठेवा. पाव ताटलीत ठेवत नाहीत, सरळ टेबलावर, ताटलीशेजारी ठेवतात. यजमानीण घास घेईपर्यंत थांबतात. पेला उंचावून ‘सांते’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, पेल्याकडे नाही. मी दारू घेत नाही, द्राक्षाचा रस घेते, त्यावर कधी कोणी आग्रह केला नाही. पेला रिकामा नसावा, एवढंच त्यांना हवं असतं.

आणि चीज. चीजची फळी फिरत आली तेव्हा त्यावर ब्रीचा त्रिकोणी तुकडा होता. मी त्याचं टोक कापून घेतलं, आपण केकचं घेऊ तसं. शेजारच्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली सुरी टोकापासून मागच्या सालीपर्यंत लांब चालवून एक पातळ काप काढला आणि मला दाखवला. टोक म्हणजे नाक, ते छाटायचं नसतं. मऊ गाभा आणि कडेची साल सगळ्यांना सारखी मिळावी, शेवटच्या माणसाच्या वाट्याला नुसती साल उरू नये, म्हणून ही रीत. पंक्तीत शेवटच्या पानापर्यंत श्रीखंड पुरावं म्हणून वाढणारा बेताने वाढतो, ती जाण इथे सुरीत आहे.

५. काय खात नाही ते आधी सांगा, स्पष्ट सांगा

मी मांस-मासे खात नाही. ‘शाकाहारी’ म्हटलं तर वयस्क माणसांच्या डोळ्यांसमोर नेमकं काही येत नाही. डुकराच्या मांसाचे बारके तुकडे, ज्यांना ‘लार्दों’ म्हणतात, ते कित्येकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत, चवीला घातलेले असतात. म्हणून ‘मांस नाही, मासे नाहीत, लार्दोंही नाहीत’ असं तिन्ही सांगायचं, आणि तेही आठवडाभर आधी. पुष्कळ चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं आणि काही गोड पदार्थांत जिलेटिन. ते चालवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी चीज खाते, जिलेटिन नाही.

ल्योंचं जेवण मांसाचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण आपल्यासारख्याचे हाल होतात असं नाही. दूध-साय-लसणात मंद आचेवर भाजलेला बटाटा, ‘ग्रातें दोफिनुआ’, हा तर देवाला नैवेद्य दाखवावा असा, लसूण तेवढा सोडून. दुसरा पदार्थ नावाने दचकवतो, ‘सेर्व्हेल द कान्यू’, विणकराचा मेंदू. त्यात मेंदू नाही. आपल्या चक्क्यासारखं ताजं मऊ चीज, त्यात बारीक चिरलेला कांदा, लसूण, हिरव्या पाती, थोडं तेल, थोडं व्हिनेगर. ‘कान्यू’ म्हणजे ल्योंच्या टेकडीवरचे रेशीम विणकर, त्यांचं हे गरिबीतलं खाणं. मागावरच्या ज्या यंत्राला आपले विणकर जॅकार्ड म्हणतात, ते याच शहरातल्या जॅकार नावाच्या माणसाचं. हे कळल्यापासून मला तो वाडगा अधिकच जवळचा वाटतो.

६. शेवंती नेऊ नका

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला क्लबाच्या अध्यक्षबाईंनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. क्लबातल्या कोणी घरी बोलावण्याची ती पहिली वेळ, त्यामुळे रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. गावातल्या फुलवाल्याच्या दारात आठवडाभर शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पिवळ्या, जांभळ्या, पांढऱ्या, गच्च फुललेल्या. इतक्या वर्षांनी शेवंतीचा तो ओलसर, कडवट वास नाकाशी आला आणि मला मंडईतली फुलांची ओळ आठवली, दसऱ्याचं तोरण आठवलं, आईच्या वेणीतला गजरा आठवला. सगळ्यात भरदार पिवळी कुंडी मी घेतली.

दार उघडल्यावर अध्यक्षबाईंची नजर कुंडीवर गेली आणि एक क्षण तिथेच थांबली. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, ‘किती सुंदर’ म्हणाल्या आणि बाहेरच्या पायरीवर ठेवली. जेवण छान झालं. निघताना मला राहवलं नाही, मी विचारलं, ‘माझं काही चुकलं का?’

त्या म्हणाल्या, ‘इथे ही फुलं मृतांची.’ १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाच्या आसपास लोक कबरींवर शेवंती ठेवतात, दुकानांत त्या कुंड्या येतात त्या त्यासाठीच. जिवंत माणसाच्या घरी शेवंती नेत नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात धरला. ‘उद्या सकाळी आईच्या कबरीवर जायचं आहे. या वर्षी अजून फुलं घेतली नव्हती. तुम्ही याल माझ्याबरोबर?’

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. चर्चमागच्या दफनभूमीत ओळीने करड्या शिळा आणि प्रत्येक शिळेवर पिवळी-जांभळी रास. अध्यक्षबाईंनी पिशवीतून घासणी काढली, नळावरून पाणी आणलं आणि आईच्या नावावरचं शेवाळ घासू लागल्या. मी पाणी ओतत राहिले. मग त्यांनी कुंडी मध्यभागी ठेवली, थोडी फिरवून, भरलेली बाजू रस्त्याकडे करून. त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे या फुलांचं काय करतात?’ मी सांगितलं, देवाला वाहतात, केसांत माळतात, दाराला तोरण बांधतात. त्या बराच वेळ कुंडीकडे पाहत राहिल्या.

तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर जाते. शेवंती मीच घेते.

७. आकड्यांना घाबरू नका, आजीला आठवा

हिवाळ्यात क्लबाचा ‘लोतो’ होतो. आपली हाऊजीच. १ ते ९० आकडे, एका ओळीचे पाच आकडे भरले की ‘कीन!’ ओरडायचं. बक्षीस म्हणजे भाज्यांची टोपली, नाहीतर कधी चक्क एक अख्खं हॅम. माझी पंचाईत आकड्यांची. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, आणि सत्याऐंशी म्हणजे ‘चार-वीस-सात’. आकडा पुकारला जाई आणि मी बेरीज करेपर्यंत पुढचा येई.

एकदा पुकारणाऱ्याने ‘चार-वीस-सात’ म्हटलं आणि मला एकदम माझी आजी ऐकू आली. वाईजवळच्या तिच्या गावात ती आंबे विशीने मोजत असे. एक विसा, दोन विसा, चार विसा आणि वर सात. शाळा न शिकलेली माझी आजी ज्या पद्धतीने मोजत होती, तीच ही पद्धत. त्या रात्रीनंतर माझा आकडा चुकला नाही.

८. आपलं कातणं बरोबर न्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन सण येतात. २ फेब्रुवारीला ‘शांदलर’, त्या दिवशी घरोघर क्रेप करतात. तव्यावरची ती पातळ घावनं एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने हवेत उडवून उलटायची, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो. त्यानंतर लेंटचे उपास सुरू होण्याआधी मार्दी ग्रा, आणि तेव्हा ल्योंमध्ये ‘ब्यून्य’ तळतात.

क्लबाच्या स्वयंपाकघरात पंचाहत्तरीच्या एका बाई ब्यून्य शिकवणार होत्या. त्यांनी मैदा, अंडी, लोणी, साखर आणि लिंबाची साल यांचा गोळा मळून आणला होता. पोळी लाटली, आणि पिशवीतून लाकडी मुठीचं दातेरी चाक काढून तिरके चौकोन कापायला सुरुवात केली. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, ‘शंकरपाळी!’ सगळ्या वळून बघू लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात मी माझं पितळी कातणं घेऊन गेले. आईने लग्नात दिलेलं, करंजीसाठीचं. त्या बाईंनी ते हातात घेतलं, चाक अंगठ्याने फिरवून पाहिलं, दाते मोजल्यासारखे निरखले आणि आपलं चाक त्याच्याशेजारी ओट्यावर ठेवलं. दोघींच्या चाकांना सारखीच झीज झाली होती, डाव्या अंगाला. मी अंडं न घालता, तूप-दूध-साखर एकत्र गरम करून शंकरपाळीचं पीठ मळलं, त्यांनी त्यांचं. एकाच कढईत दोन्ही तळली. त्यांची पातळ, कुरकुरीत आणि पिठीसाखरेने माखलेली, आपली जाड, खुसखुशीत. कोणाची जास्त चांगली हे कोणी विचारलं नाही. त्या बाईंनी मात्र शंकरपाळीचा एक डबा घरी नेला आणि आठवड्याने फोन केला, अजून कुरकुरीत आहेत, हे कसं काय? मी म्हटलं, तुपाच्या मोहनामुळे. त्यांनी ‘मोहन’ हा शब्द दोनदा म्हणून घेतला.

९. ‘तू’ म्हणायची परवानगी मिळते, मग मागे हटू नका

फ्रेंचमध्ये ‘तू’ आणि ‘व्हू’ आहेत, आपल्या तू-तुम्हीसारखे, त्यामुळे या बाबतीत मराठी माणूस पुढे असतो. फरक एवढाच की आपल्याकडे कितीही माया जडली तरी मोठ्या माणसाशी अहोजाहो सुटत नाही. इथे सुटतं. कबरीवरच्या त्या सकाळनंतर अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘आता एकमेकींना तू म्हणू या का?’ वयाने माझ्या आईएवढ्या. जीभ वळेना. नकार दिला असता तर तो दुरावा ठरला असता. मग वाटलं, आईला तरी मी तूच म्हणते.

१०. गोळा हळू टाका

जूनपासून संध्याकाळी दहापर्यंत उजेड असतो आणि हॉलमागच्या मुरमाड अंगणात ‘पेतांक’ रंगतो. हा खेळ १९०७ च्या सुमारास दक्षिणेतल्या ला सिओता गावात सुरू झाला. संधिवाताने पळता न येणाऱ्या एका खेळाडूसाठी धावण्याचा नियम काढून टाकला आणि जागेवर पाय रोवून फेकायचं ठरलं. नावाचा अर्थच ‘पाय रोवलेले’. जवळपास पाऊण किलोचा लोखंडी गोळा, सहा ते दहा मीटरवर टाकलेला लाकडी चेंडू, तेरा गुण. लहानपणी गोट्या खेळला असाल तर अंदाज लवकर येतो. आमच्या क्लबात जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणून माझा मुलगा ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांचा जोडीदार होतो आणि दोघं अगदी गंभीरपणे मसलत करतात. मुलांना घेऊन जा.

११. ८ डिसेंबरला खिडकी रिकामी ठेवू नका

१८५२ साली ल्योंच्या फुर्व्हिएर टेकडीवर मेरीचा पुतळा बसवायचा होता. सप्टेंबरचा मुहूर्त सोन नदीच्या पुरामुळे हुकला, ८ डिसेंबर ठरला. त्या संध्याकाळी वादळ आलं, सोहळा रद्द होणार असं वाटत असतानाच आभाळ निवळलं आणि लोकांनी आपणहोऊन खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून दर वर्षी लावतात. शहरात आता चार दिवस रोषणाईचा मोठा उत्सव असतो, लाखो माणसं लोटतात. पण खरं पाहायचं तर गावातल्या खिडक्या पाहा. जाड, पन्हळी काचेच्या पेल्यांत तेवणाऱ्या छोट्या मेणबत्त्या, एका ओळीत.

दिवाळीच्या पणत्या मी धुऊन जपून ठेवते आणि त्या रात्री खिडकीत पेल्यांच्या मध्ये मांडते. क्लबातले काही जण मुद्दाम आमच्या रस्त्याने फिरायला येतात.

१२. सहलीला जा, आणि आपल्याला माहीत आहे ते बोला

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात क्लबाची बस शाँबेरीला गेली. ल्योंपासून शंभर किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीतलं सावोआ प्रांताचं जुनं राजधानीचं गाव. गावाच्या मध्यावर एक कारंजं आहे. उंच खांब, खांबावर पुतळा आणि खांबाच्या चार बाजूंनी बाहेर येणारे चार हत्ती. डोकं, सोंड आणि पुढचे पाय एवढेच, मागचं अंग खांबात नाहीसं झालेलं. गावकरी त्यांना ‘बिनबुडाचे चौघे’ म्हणतात. कारंजं १८३८ सालचं.

वाटाड्या सांगत होता, हा बेन्वा द ब्वान्य, याच गावात १७५१ साली जन्मलेला व्यापाऱ्याचा मुलगा, हिंदुस्थानात जाऊन एका राजाच्या फौजेत सेनापती झाला, अमाप पैसा घेऊन परतला आणि गावाला भरभरून दान दिलं. मी दचकले. द ब्वान्य म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला डी बॉयन! तो ‘एक राजा’ म्हणजे महादजी शिंदे! आणि महादजींची समाधी असलेली वानवडीची शिंदे छत्री माझ्या माहेरापासून चालत दहा मिनिटांवर. शाळेच्या सहलीला आम्हाला तिथेच तर नेत.

बसमध्ये मी हे शेजारच्या बाईंना सांगितलं. त्यांनी खजिनदारांना सांगितलं. खजिनदारांनी माइक काढून माझ्या हातात दिला. चाळीस माणसं, चालती बस, आणि माझं फ्रेंच.

मी सांगितलं. १७६१ च्या पानिपतात महादजी जायबंदी होऊन पडले, राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून वाचवलं, पायाने ते जन्मभर अधू राहिले, आणि त्या भिस्त्याला ते कधी विसरले नाहीत. पानिपतात सगळं गमावलेल्या मराठ्यांचा दरारा त्यांनी दिल्लीपर्यंत पुन्हा उभा केला. १७८४ मध्ये त्यांनी तुमच्या या शाँबेरीच्या माणसाला नोकरीत घेतलं, त्याच्याकडून कवायती पलटणी तयार करून घेतल्या आणि त्या पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकल्या. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी गेले, माझ्या गावात. त्यानंतर दोनेक वर्षांत हा माणूस हिंदुस्थान सोडून निघाला. कारंज्यातले हत्ती तुम्ही पाहिलेत. त्यांचा धनी आमच्याकडे आहे.

व्याकरण कितीदा चुकलं ते सांगता येणार नाही. पण बस शांत होती. मग मागून त्या म्हाताऱ्या गवंड्याने, ज्याच्याबरोबर मी पहिलं टेबल उचललं होतं, विचारलं, ‘आणि तो भिस्ती? त्याचं पुढे काय झालं?’ मी सांगितलं, महादजींनी त्याला भाऊ मानलं, मोठा सरदार केलं. त्याने मान हलवली. ‘बरं केलं,’ म्हणाला.

त्या उन्हाळ्यात पुण्याला गेले तेव्हा छत्रीवर गेले. दुपारची वेळ होती, फरशी तापलेली, आत गारवा. बाहेरून, आतून असे बरेच फोटो काढले आणि एक मोठा करून घेतला. आता तो क्लबाच्या हॉलमध्ये दाराजवळच्या फळ्यावर लावलेला आहे, शाँबेरीच्या हत्तींच्या फोटोशेजारी. त्याच्या खाली येत्या शनिवारच्या जेवणाची यादी टाचली आहे : सॅलड कोण आणणार, पाव कोण आणणार, खुर्च्या लावायला कोण येणार. खुर्च्यांसमोर गवंडी आजोबांचं नाव आहे, आणि त्याखाली माझं.